श्रीलंकेतून जवान परत आणले ते बरोबरच होतं. पण हिशेब कुठंय?

कारगिलमध्ये आपले किती जवान गेले, असं बदलापूरच्या कुठल्याही कट्ट्यावर विचारा. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण पाचशेच्या वर, एवढं लोक नक्की सांगतील. बरोबर आहे, ५२७. आता विचारा, श्रीलंकेत किती गेले? बहुतेक जण उलट तुम्हालाच विचारतील, "श्रीलंकेत? तिकडं आपलं सैन्य कधी गेलं होतं?"

गेलं होतं. जुलै १९८७ ते मार्च १९९०, म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षं. ऐन भरात ऐंशी हजारांच्या आसपास सैन्य तिथं होतं. साडेअकराशेहून जास्त अधिकारी आणि जवान परत आले नाहीत. कारगिलच्या दुप्पट. आणि ही लढाई आपल्या हद्दीत नव्हती, आपल्यावर कोणी हल्ला केला म्हणूनही नव्हती. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्यांच्या भांडणात आपण 'शांतिसेना' म्हणून गेलो आणि लढत बसलो.

खरवईत बसून जाफन्यावर कशाला लिहितोस, असं काही जण म्हणतीलच. एरवी मी पाणी, लोकल, खड्डे आणि एमआयडीसीचा रात्रीचा वास यावरच लिहितो, तेही लिहीत राहीनच. पण हल्ली जगात कुठंही युद्ध पेटलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तासांत निकाल लागतो. भारताने सैन्य पाठवलं पाहिजे, दाखवून दिलं पाहिजे, आता आपण महासत्ता आहोत वगैरे. सैन्य पाठवा म्हणायला काहीच लागत नाही. ते परत कधी आणायचं, कोणी ठरवायचं आणि परत आणलं तर त्याला काय म्हणायचं, हे मात्र कोणी बोलत नाही. आपल्या देशाला हा प्रश्न एकदा खरोखर पडला होता. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी थोडक्यात काय झालं ते.

१९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या. हजारो निर्वासित तमिळनाडूत आले. दिल्लीने तेव्हा तमिळ बंडखोर गटांना आसरा दिला, शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं. त्यातलाच एक गट प्रभाकरनचा लिट्टे. पुढं २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ भागाला प्रांतिक स्वायत्तता मिळणार, बंडखोर शस्त्रं खाली ठेवणार आणि त्यावर देखरेख भारतीय सैन्य करणार. दुसऱ्याच दिवशी मानवंदना घेताना श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. खांद्यावर निभावलं. तिथल्या सिंहली लोकांना हा करार किती नकोसा होता, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं.

करारावर लिट्टेची सही नव्हतीच. थोडी शस्त्रं टाकली, बाकीची लपवली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या ताब्यात असलेल्या लिट्टेच्या बारा जणांनी सायनाइड खाल्लं आणि सगळं फिसकटलं. १० ऑक्टोबरला 'ऑपरेशन पवन' सुरू झालं. ज्यांना आपण प्रशिक्षण दिलं त्यांच्याशीच आपली लढाई. हे प्रकरण काही आठवड्यांत आटपेल असा वरच्या पातळीवर अंदाज होता. लागली अडीच वर्षं, आणि तरी आटपलं नाही.

सुरुवातीलाच एका रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने जवान उतरवले. लिट्टेला आधीच सुगावा लागलेला. शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतले एकोणतीस गेले, एक जण जिवंत हाती लागला. तीस माणसं म्हणजे आपल्या लोकलच्या डब्यात दरवाजाजवळ उभी असतात तेवढी.

यात महाराष्ट्र कुठं आहे? भरपूर आहे. मोहिमेची सूत्रं सुरुवातीला लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे होती, ते पुण्याच्या दक्षिण कमांडचे प्रमुख. लढणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्री होती, महार रेजिमेंट होती. या मोहिमेतलं परमवीर चक्र मिळालं ते ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना. जन्म मुंबईचा, शाळा-कॉलेज एसआयईएसमध्ये, त्यातलं कॉलेज शीवचं. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहीम आटोपून परतताना त्यांच्या तुकडीला घेरलं गेलं. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याच्या हातातली रायफल हिसकावून त्याला पाडलं आणि मरेपर्यंत हुकूम देत राहिले. शीव म्हणजे आपल्यापासून लोकलने तास-सव्वातासाचं अंतर. आपल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे?

श्रीलंकेला जाऊन आलेले माजी सैनिक आपल्याकडेही आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडची, कोकणातली कितीतरी घरं इथं स्थायिक झालीत. निवृत्तीनंतर कोणी कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला असतो, कोणी सोसायटीचा सेक्रेटरी. ही माणसं पासष्टची, एकाहत्तरची, कारगिलची लढाई सांगतात तशी श्रीलंकेची सांगत नाहीत. विचारलं तर दोन वाक्यं बोलून विषय बदलतात. कारण ती लढाई आपण जिंकलो की हरलो, हे त्यांना देशाने कधी सांगितलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो. सैन्य परत आणलं ते चूक होतं का?

जानेवारी १९८९ मध्ये प्रेमदासा श्रीलंकेचे अध्यक्ष झाले आणि १ जूनला त्यांनी जाहीर सांगितलं, भारतीय सैन्याने २९ जुलैपर्यंत निघून जावं. आपल्याला घालवायच्या नादात त्यांच्या सरकारने लिट्टेलाच हत्यारं पुरवली, हेही पुढं उघड झालं. राजीव गांधींच्याच काळात जुलै १९८९ पासून पहिल्या तुकड्या परत यायला लागल्या. डिसेंबरमध्ये व्ही. पी. सिंग आले, त्यांनी काम पूर्ण केलं. २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. सैन्य काँग्रेसच्या काळात गेलं, परतायला काँग्रेसच्याच काळात लागलं आणि पूर्ण परतलं ते जनता दलाच्या सरकारच्या काळात, ज्याला बाहेरून भाजपचाही पाठिंबा होता आणि डाव्यांचाही. त्यामुळे यात कृपया पक्षाची भांडणं आणू नका, सगळेच त्यात होते.

परत आणण्याच्या विरोधात तेव्हाही तीन गोष्टी बोलल्या जायच्या, आजही बोलल्या जातात. तिन्ही वजनदार आहेत, उडवून लावण्यासारख्या नाहीत.

पहिली. एवढे जवान गेले ते फुकट गेले का? अर्धवट सोडून आलो तर त्यांच्या बलिदानाला अर्थ काय?

हा प्रश्न कोणत्याही आईने विचारला तर मान खाली घालावी लागेल. पण धोरण ठरवणाऱ्याने हा युक्तिवाद केला तर तो धोकादायक आहे. कारण याच न्यायाने हजार गेले म्हणून अजून हजार पाठवायचे, मग दोन हजार गेले म्हणून अजून दोन हजार. बुडीत धंद्यात माणूस आधीचे पैसे वसूल करायला नवीन कर्ज काढतो, तसं हे. गेलेल्यांचा मान राखायचा म्हणून जिवंत असलेल्यांना मारायचं नसतं. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने हेच केलं, अफगाणिस्तानात रशियाने केलं. रशियाचं शेवटचं सैन्य तिथून फेब्रुवारी १९८९ मध्ये निघालं. त्यांच्यानंतर अमेरिकेने तोच डोंगर वीस वर्षं चढला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये उतरला.

दुसरी. देशाची इज्जत गेली. छोट्याशा देशाने 'चालते व्हा' म्हटलं आणि आपण निघालो.

पण विचार करा, आपण तिथं गेलो कशाच्या आधारावर? तिथल्या सरकारशी केलेल्या करारावर. आता त्याच देशाचा निवडून आलेला अध्यक्ष 'जा' म्हणतोय. त्यानंतर राहिलो असतो तर आपण पाहुणे नाही, घुसखोर ठरलो असतो. आपण स्वतः दीडशे वर्षं परक्या फौजेखाली काढली, आपल्याला हा फरक वेगळा शिकवायला नको. घरमालकाने सांगितल्यावर निघणं यात इज्जत जात नाही. सांगूनही न निघण्यात जाते.

आणि इज्जतीचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिलं पाहिजे. २१ आणि २२ ऑक्टोबर १९८७ ला, ऐन दिवाळीत, आपले जवान जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. साठहून अधिक माणसं मेली, त्यात रुग्ण होते, डॉक्टर होते, नर्स होत्या. आपल्या बाजूने सांगितलं गेलं की आतून गोळीबार झाला, चकमकीत हे घडलं. वाचलेले कर्मचारी वेगळं सांगतात. आमच्या जवानांचा मला अभिमान आहे, म्हणूनच हे टाळता येत नाही. गल्लीबोळात, भाषा न कळणाऱ्या गावात, प्रत्येक पोरगा संशयित वाटत असताना शिस्तीच्या सैन्याचं काय होतं, त्याचं हे उदाहरण. याचा दोष एकट्या शिपायावर टाकून दिल्लीला मोकळं होता येत नाही. त्याला तिथं पाठवणाऱ्यांनी त्याच्यापुढं नेमकं कोणतं काम ठेवलं होतं?

तिसरी. आपण निघाल्यावर तिथं रक्तपात झाला, आपल्यावर विसंबलेल्यांचा घात झाला.

हा सगळ्यात कठीण मुद्दा, आणि खरा आहे. आपण निघाल्यावर तीन महिन्यांत, जून १९९० मध्ये, लिट्टेने शरण आलेल्या शेकडो पोलिसांना रांगेत उभं करून मारलं. त्याच महिन्यात ईपीआरएलएफ या आपल्या बाजूच्या तमिळ पक्षाचे नेते पद्मनाभा यांना साथीदारांसह थेट मद्रासमध्ये ठार केलं. ऑक्टोबरमध्ये जाफन्यातल्या मुसलमानांना काही तासांची मुदत देऊन हाकललं. ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ पळून भारतात आले आणि कित्येक वर्षं बंदोबस्तात राहिले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी गेले. १ मे १९९३ ला प्रेमदासाही लिट्टेच्याच मानवी बॉम्बने गेले, ज्यांनी आपल्याला घालवायला त्याच लिट्टेला हत्यारं दिली होती.

मग राहायला हवं होतं का? मला तसं वाटत नाही. ते युद्ध पुढं २००९ पर्यंत चाललं. म्हणजे हे सगळं टाळायला आपल्याला अजून एकोणीस वर्षं तिथं राहावं लागलं असतं, यजमान नको म्हणत असताना, आणि ज्या तमिळांसाठी गेलो तेच आपल्याला शत्रू समजत असताना. सैन्य लिट्टेला मागं रेटू शकत होतं, ते त्याने केलंही. सिंहली आणि तमिळ यांच्यात समझोता घडवणं हे सैन्याचं काम नव्हतं आणि त्याला ते जमणारही नव्हतं. पण जे आपल्या भरवशावर उभे राहिले त्यांना सुरक्षित आणायची जबाबदारी आपली होती. ती आपण नीट आखून पार पाडली नाही. निघण्याचा निर्णय बरोबर, निघण्याची तयारी अपुरी, असं माझं मत आहे.

सैन्य मद्रासला उतरलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या सैन्याचं स्वागत करणार नाही, ही त्यांची भूमिका. तमिळ भावना मी समजू शकतो. पण जवान स्वतःच्या मर्जीने जाफन्याला गेला नव्हता. सरकारवरचा राग हुकूम पाळणाऱ्यावर काढला गेला.

परदेशातली लढाई आणि आपली माणसं, हा विषय आपल्याकडे त्याहून जुना आहे. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात अनेक गावांत दगडी पाट्या दिसतील. या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, इतकी परत आली नाहीत. ती कुठं गेली होती? बरीचशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. पाच महिने उपाशी लढून एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली, आणि कैदेत पुढं हजारो मेले. त्या वेळी त्यांना परत बोलवा म्हणायचा अधिकार आपल्या कोणाला नव्हता, कारण पाठवायचा निर्णयही आपला नव्हता.

म्हणूनच १९२० च्या असहकाराच्या ठरावात एक कलम होतं, जे आज कोणाला आठवत नाही. मेसोपोटेमियातल्या नोकरीसाठी कोणीही सैनिक, कारकून किंवा मजूर म्हणून भरती होऊ नये. सप्टेंबरमध्ये कलकत्त्याला हा ठराव झाला आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं. बहिष्कार म्हटलं की आपल्याला परदेशी कापड आठवतं. परक्याच्या युद्धात आपली माणसं द्यायची नाहीत, हाही त्याचाच भाग होता.

आपल्या शेजारचं उल्हासनगर घ्या. आजही लोक पत्ता सांगतात तो 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर चार' असा. तो कॅम्प म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने एकाही भारतीय प्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्या युद्धासाठी उभ्या राहिलेल्या बराकीत पुढं फाळणीत सगळं गमावलेली सिंधी कुटुंबं राहिली आणि १९४९ मध्ये गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. पलीकडे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी. आपला पट्टा युद्धापासून वाटतो तेवढा लांब नाही.

मग परदेशात सैन्य पाठवूच नये का? तसं मी म्हणत नाही. कोरियाचं उदाहरण बघा. १९५३ मध्ये कोरियातलं युद्ध थांबल्यावर मायदेशी जायला नकार देणाऱ्या वीस हजारांहून जास्त युद्धकैद्यांचा सांभाळ करायला भारतीय तुकडी गेली. प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. काम ठरलेलं, मुदत ठरलेली, दोन्ही बाजूंची संमती. कैदी चिडलेले, दंगे करणारे, तरी माणसं सांभाळली आणि १९५४ च्या सुरुवातीला तुकडी परत आली. शांतिसेना म्हणतात ती अशी. श्रीलंकेत यातलं शेवटी काहीच उरलं नव्हतं. काम बदललं, मुदत नव्हती, संमती गेली.

यातून दिल्ली काही शिकली का? एकदा तरी शिकली. २००३ मध्ये अमेरिकेने इराकसाठी भारताकडे अख्खी डिव्हिजन मागितली, सतरा हजारांच्या आसपास सैन्य. मोठ्या देशाशी मैत्री होईल, ठेके मिळतील, असं सांगणारे तेव्हाही खूप होते. पण एप्रिलमध्ये लोकसभेने युद्धाच्या निषेधाचा ठराव एकमताने केला होता. सभापती होते आपले मनोहर जोशी. आणि १४ जुलै २००३ ला वाजपेयी सरकारने सांगितलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय सैन्य पाठवणार नाही. नागपूरचे कॉम्रेड बर्धन यांच्याबद्दल एक किस्सा सांगतात, की वाजपेयींनीच डाव्या नेत्यांना सुचवलं, जरा जोरात विरोध करा, म्हणजे मला नाही म्हणायला बरं पडेल. किस्सा किती खरा देव जाणे, पण निर्णय खरा आहे. स्पेनने सैन्य पाठवलं होतं, २००४ मध्ये सरकार बदलल्यावर त्यांनी परत बोलावलं. आपल्याला परत बोलवायची वेळच आली नाही. कुतमध्ये ज्यांचे पणजोबा मेले, त्यांचे पणतू पुन्हा त्याच नदीकाठी जाण्यापासून वाचले.

पण त्या वेळी पंतप्रधान आणि संसद शहाणी निघाली, हे नशीब. व्यवस्था नाही. आजही परदेशात सैन्य लढायला पाठवण्यासाठी संसदेची परवानगी घ्यावी असा आपल्याकडे कायदा नाही. जर्मनीत १९९४ पासून त्यांच्या घटनापीठाच्या निकालाने संसदेचं मत घेणं बंधनकारक आहे. आपल्याकडे नगरपालिकेला गटाराचं टेंडर काढायला सभेचा ठराव लागतो. ऐंशी हजार जवान समुद्रापलीकडे पाठवायला मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत आहे.

एक, परदेशात लढाईसाठी सैन्य पाठवायचं असेल तर संसदेत चर्चा आणि मतदान झालं पाहिजे. तातडीची वेळ असेल तर ठरावीक दिवसांत नंतर मंजुरी घ्या. काम काय, मुदत किती, आणि काय झालं की परत यायचं, हे त्या ठरावात लिहिलेलं असलं पाहिजे.

दोन, मुदत संपली की पुन्हा मतदान. 'सैन्य तिकडं असताना प्रश्न विचारायचे नाहीत' हे चालणार नाही. सैन्य तिकडं असतानाच प्रश्न विचारायचे असतात, परत आल्यावर विचारून मेलेले जिवंत होत नाहीत.

तीन, श्रीलंकेच्या मोहिमेचा हिशेब द्या. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समिती नेमली, अहवाल संसदेत आला, छापला गेला. ब्रिटनने इराक युद्धाची चौकशी करून २०१६ मध्ये आपल्याच माजी पंतप्रधानाचे वाभाडे काढले. श्रीलंकेच्या मोहिमेवर तसा अहवाल भारतीय जनतेसमोर आलेला नाही. कोलंबोत आपल्या शांतिसेनेचं स्मारक आहे, आपले पंतप्रधान तिथं जाऊन फुलं वाहतात, चांगली गोष्ट आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर २०१९ पासून त्यांची नावं कोरलेली आहेत, तेही चांगलं. पण दगडावर नाव कोरून 'का गेला' याचं उत्तर मिळत नाही. आणि कागदपत्रं उघडली तर जवानांची बदनामी होईल ही भीती दाखवू नका. बदनामी झालीच तर ती टेबलावर बसून नकाशे बघणाऱ्यांची होईल.

मोठ्या समित्यांना वेळ लागेल, तोवर आपल्या हातातलं एक काम आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरमध्ये श्रीलंकेला जाऊन आलेले जे माजी सैनिक असतील त्यांना येत्या २५ नोव्हेंबरला, मेजर परमेश्वरन यांच्या स्मृतिदिनी, आपल्या शाळांनी बोलवावं. भाषणं नकोत, शाल-नारळ असला तरी चालेल, नसला तरी चालेल. त्यांना बोलू द्यावं आणि पोरांना विचारू द्यावं. तुम्हाला कशासाठी पाठवलं होतं, हा प्रश्न त्यांना पस्तीस वर्षांत कोणीच विचारलेला नाही.

ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी जरूर लिहा. फक्त 'पाठवा' म्हणताना किती जणांना, किती दिवसांसाठी, आणि परत कसं आणणार, तेही लिहा.